ऑफिसचा एसी २२ अंशांवर ठेवण्याला काही शास्त्रीय आधार आहे का? विद्यापीठांतील संशोधन याबद्दल काय सांगते?

आपण विचारले आहे की ऑफिसमध्ये बाराही महिने एसी २२ अंशांवर ठेवण्यामागे काही शास्त्र आहे का, आणि विद्यापीठांत ऊर्जेच्या वापरावर जे संशोधन होते त्याचा अशा रोजच्या प्रश्नाला काही उपयोग होतो का. मी पुण्यात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो आणि इमारतींमधील ऊर्जावापर हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. आपल्याकडच्या हवामानात आणि आपल्याकडच्या कपड्यांत २२ अंशांना आधार नाही. हे ठामपणे सांगता येते, कारण भारतातल्या ऑफिसांमध्ये, लोक कामाला बसलेले असताना त्यांच्या टेबलाशी जाऊन हे मोजले गेले आहे.

सुरुवात मात्र प्रयोगशाळेतून झाली. डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठातील पोव्ल ओले फँगर यांनी १९७० साली मांडलेले सूत्र आजही जगभरच्या वातानुकूलनाच्या मानकांचा पाया आहे. नियंत्रित हवामानाच्या बंद खोलीत महाविद्यालयीन तरुणांना बसवून केलेल्या प्रयोगांवर ते आधारलेले होते. हवेचे तापमान, भोवतालच्या भिंती आणि काचांमधून येणारी उष्णता, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल या सहा गोष्टी दिल्या, की माणसांच्या एका समूहाला सरासरी किती थंड किंवा गरम वाटेल हे ते सूत्र उणे ३ ते अधिक ३ या पट्टीवर सांगते. याच सूत्राचा एक भाग फारसा कोणी लक्षात घेत नाही. सर्वांत अनुकूल परिस्थितीतही सुमारे ५ टक्के लोक नाराज राहतील, असे फँगर यांनीच म्हटले आहे. म्हणून एखाद्याच्या तक्रारीवरून सगळ्या मजल्याचे तापमान खाली आणणे हे मुळातच चुकीचे आहे.

सूत्रात आकडे कोणाचे घातले जातात, हा खरा प्रश्न आहे. संपूर्ण सूट घातलेल्या माणसाच्या कपड्यांचे उष्णतारोधन १ ‘क्लो’ (कपड्यांची ऊब मोजण्याचे एकक) धरले जाते, तर अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट आणि पातळ पँट यांचे जवळपास त्याच्या निम्मेच भरते. साडीचे तर आणखी वेगळे आहे. संशोधक माधवी इंद्रगंती यांनी अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर केलेल्या मोजणीत असे दिसले, की तीच साडी पदर कसा घेतला आहे यानुसार कमी किंवा जास्त ऊब देते, म्हणजे नेसणारी व्यक्ती दिवसभरात स्वतःच ती ऊब कमी-जास्त करत असते. मास्ट्रिख्ट विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले, की मानकांत गृहीत धरलेला चयापचयाचा दर (म्हणजे शरीर किती वेगाने उष्णता निर्माण करते ते) मध्यमवयीन पुरुषाचा असून स्त्रियांच्या बाबतीत तो ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरला जातो. ऐन एप्रिलमध्ये ऑफिसातल्या मुली खुर्चीच्या पाठीला शाल अडकवून ठेवतात, हे माझ्या विद्यार्थ्यांनी पाहणी करताना जवळजवळ प्रत्येक मजल्यावर पाहिले. वीज खर्चून गारठा निर्माण करायचा आणि मग त्यापासून बचाव करायचा, हे मला फार अस्वस्थ करणारे वाटते.

दुसरी संशोधनधारा लोकांच्या प्रत्यक्ष जागी जाऊन विचारण्याची आहे. ब्रिटनमध्ये निकोल आणि हम्फ्रीज या संशोधकांनी १९७०च्या दशकात ती पुढे नेली, आणि १९९८ साली रिचर्ड द डिअर आणि गेल ब्रेगर यांनी अनेक देशांतील सुमारे २१,००० नोंदी एकत्र करून दाखवले, की खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतींतील माणसांना मानवणारे तापमान बाहेरच्या ऋतूबरोबर वर-खाली सरकते. भारतासाठी हे काम अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने केले. अहमदाबाद, दिल्ली, चेन्नई, बंगळुरू आणि सिमला या पाच शहरांतील १६ ऑफिस-इमारतींत, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तिन्ही ऋतूंत, ६,३३० प्रतिसाद गोळा करून त्यांनी २०१४ साली मानवणारे तापमान काढण्याचे भारतीय प्रारूप मांडले. मुंबई त्यात नव्हती, परंतु दमट किनारी हवामान चेन्नईच्या रूपाने होते. पुढे या प्रारूपाला २०१६ची राष्ट्रीय इमारत संहिता आणि २०१७ची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता या दोन्हींत स्थान मिळाले.

त्याची समीकरणे साधी आहेत. गेल्या काही दिवसांतील बाहेरच्या तापमानाची सरासरी ३० अंश असेल, तर खिडक्या-पंख्यांवर चालणाऱ्या ऑफिससाठी ०.५४ गुणिले ३० अधिक १२.८३, म्हणजे सुमारे २९ अंश, हे मानवणारे तापमान येते. गरजेपुरता एसी लावणाऱ्या इमारतीसाठी ०.२८ गुणिले ३० अधिक १७.८७, म्हणजे २६.३ अंश येतात, आणि पूर्ण वातानुकूलित इमारतीतही उत्तर साधारण २५.६ अंश असते, ज्याच्या दीड अंश खाली-वर ९० टक्के लोकांना चालते. २२ अंश त्या मर्यादेच्याही बाहेर पडतात. या तीन आकड्यांतील अंतर मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्यातून असे दिसते की कायम थंड ठेवलेली इमारत माणसांची अपेक्षाच आकसून टाकते.

विजेचा हिशेब थोडक्यात सांगतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या म्हणण्यानुसार तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, आणि म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून तारांकित (वीजबचतीचे स्टार मिळालेले) खोली-एसी मुळातच २४ अंशांवर सुरू होतील असे बंधन घातले गेले. त्याला पंख्याची जोड द्यावी. अंगावर जाणवेल इतकी हवा खेळती असेल, तर खोली अडीच-तीन अंशांनी गरम असूनही तितकीच सुखद वाटते, आणि बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा छताचा पंखा जेमतेम ३० वॅटच्या आसपास वीज घेतो.

आपल्या ऑफिसात बदल करायचा असल्यास आधी मोजणी करावी, असे मी सुचवीन. थर्मोस्टॅटचा सेन्सर बहुधा भिंतीवर किंवा परतीच्या हवेच्या मार्गात असतो, त्यामुळे पश्चिमेच्या काचेशी बसणाऱ्याला काय सोसावे लागते हे त्याला कळत नाही. टेबल टेनिसचा चेंडू काळा रंगवून त्यात साध्या तापमापीचे टोक बसवले, की काचेतून येणारी उष्णताही मोजता येते. क्षेत्रीय पाहणीत ही युक्ती रूढ आहे. दिवसातून दोनदा प्रत्येकाला ‘आत्ता, या क्षणी कसे वाटते’ एवढेच विचारावे आणि उत्तर, वेळ, जागा व कपडे यांची नोंद ठेवावी. दोन आठवड्यांच्या नोंदी हाती आल्या, की एसी आठवड्याला एकेका अंशाने २५पर्यंत वर न्यावा, पंखे सुरू ठेवावेत आणि तोच प्रश्न विचारत राहावे. तक्रारी काचेजवळच्या रांगेतूनच येत राहिल्या, तर तिथे पडदा किंवा बाहेरून झडप लावावी; त्या एका रांगेसाठी संपूर्ण मजला पुन्हा २२वर आणू नये.