लव्हेंडरची छाटणी : कात्री हिरव्यावर, लाकडावर नको

प्रश्न : फुलं वाळली आहेत. छाटणी आता करावी का, आणि किती?

उत्तर : बहर ओसरल्यावर पंधरा दिवसांत उरकून टाका. नुसत्या वाळक्या दांड्या तोडून भागत नाही. एक फांदी हातात धरून वरून खाली बघत या: आधी बिनपानाचा लांब दांडा, मग करडी-हिरवी पानं, तळाशी तपकिरी, खरबरीत लाकूड. हे लाकूड सुरू होतं तिथून ३ ते ५ सेंमी पानांचा भाग राखून कापा. पानांच्या बेचक्यात मोहरीएवढे कोंब दिसतील. पुढचा फुटवा त्यांतूनच येतो. झुडूप साधारण एक तृतीयांशाने उतरतं. घेर घुमटासारखा ठेवा, नाहीतर फांद्या बाहेर कलंडतात आणि मधोमध भगदाड पडतं.

प्रश्न : झुडूप खालून बोडकं झालंय. गुलाबासारखं जमिनीलगत छाटलं तर फुटेल?

उत्तर : बहुधा मरेल. गुलाबाच्या जून लाकडातले सुप्त डोळे जागे होतात, लव्हेंडरचे क्वचितच. लाकडावर खाली कुठे हिरवी फूट दिसत असेल, तर तिच्या जरा वर कापा, तेही एका हंगामात एक तृतीयांश फांद्याच. फूट नसेल तर जुन्याची भीड धरू नका, कलमं करा. बिनफुलाचे ८-१० सेंमीचे शेंडे घ्या, खालची निम्मी पानं काढा आणि निम्मी जाड वाळू घातलेल्या मातीत खोचा. सावलीत, बेताच्या ओलीवर चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. रोज भरपूर पाणी घातलंत तर बुडखे कुजतील.

प्रश्न : कडाक्याच्या थंडीच्या तोंडावर छाटलं तर?

उत्तर : नको. छाटल्यावर येणारी कोवळी फूट हिमात जळते. वेळ टळली असेल तर फक्त दांडे काढा, बाकीचं थंडी सरल्यावर.

प्रश्न : माझ्या जातीच्या कणसावर सशाच्या कानांसारखे जांभळे तुरे आहेत. तिलाही हेच?

उत्तर : ही जात हंगामात पुन्हा पुन्हा फुलते. दर बहरानंतर हलका हात फिरवा. लाकडाचा नियम तोच.

प्रश्न : छाटल्यावर खत कोणतं?

उत्तर : कोणतंच नाही. नत्र जास्त झालं की फांद्या लुसलुशीत होऊन लोळतात आणि फुलं रोडावतात. त्यापेक्षा कुंडीचं भोक तुंबलंय का ते बघा.