स्क्रीनवर नेमकं काय ठेवायचं: डेल्टा, रिलेटिव्ह, रडार आणि बाकीचे ओव्हरले

तुझा प्रश्न थोडक्यात असा की एसीसी, म्हणजे असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने हा कार रेसिंगचा गेम, घेऊन तीन महिने झाले, 24 इंची एकच मॉनिटर आहे, जी29 हे गेमचं स्टीअरिंग व्हील आहे, व्हिडिओ बघून बघून स्क्रीनवर अकरा ओव्हरले, म्हणजे गेमच्या वर दिसणाऱ्या माहितीच्या छोट्या खिडक्या, लावलेस, तरी बेल्जियमच्या स्पा ट्रॅकला जीटी3 वर्गाच्या गाडीत तुझी लॅप 2:24 च्या खाली येत नाहीये आणि रेसमध्ये बाजूची गाडी कळत नाही म्हणून ठोकाठोकी होतेय, शिवाय गेमचं चित्र अडखळतंय. आणि शेवटी विचारलंयस की रडार, म्हणजे आजूबाजूच्या गाड्या दाखवणारा ओव्हरले, लावणं म्हणजे चीटिंग का. उत्तर जरा लांब होईल, पण मी यात बराच काळ घालवलाय आणि नवीन माणसाचे महिने इथेच वाया जाताना बघून मला खरंच वाईट वाटतं.

आधी डोळ्यांचं गणित बघ. 200 च्या स्पीडला गाडी एका सेकंदात साधारण 55 मीटर जाते. कोपऱ्यातला एखादा आकडा वाचायला नजर तिकडे गेली, वाचला, परत रस्त्यावर आली, यात अर्धा सेकंद सहज जातो, म्हणजे 28 मीटर तू रस्ता न बघता चालवलीस. ब्रेकिंगसाठी कॉर्नरचं अंतर मीटरमध्ये सांगणाऱ्या 100 आणि 50 च्या बोर्डांमधलं अर्ध्याहून जास्त अंतर झालं हे! आणि डोळ्याला बारीक अक्षर वाचता येतं ते फक्त मधल्या दोनेक डिग्रीत, हात लांब करून अंगठ्याचं नख धरलंस तर तेवढाच भाग. बाकी कडेकडेने आपल्याला हालचाल कळते, लाईट पेटली-विझली कळतं, रंग बदलला तर थोडंफार कळतं, पण आकडा वाचता येत नाही. म्हणून शिफ्ट लाईट्स (गिअर बदलायची वेळ सांगणारे दिवे) जवळपास फुकटात मिळतात, आकड्याची मात्र दर वेळी किंमत मोजावी लागते. अकरा ओव्हरलेंपैकी नऊ आकड्यांचे असतील तर विचार कर.

मी एकच कसोटी लावतो. हा आकडा बघून पुढच्या पाच-दहा सेकंदांत माझे हात किंवा पाय काही वेगळं करणार आहेत का? नसतील तर तो स्क्रीनवर नको. फोनवर जाऊदे, कानात जाऊदे, नाहीतर पिटमध्ये बघ.

आता डेल्टा, कारण 2:24 चं दुखणं मला तरी तिथेच दिसतंय. डेल्टा म्हणजे तुझ्याच एखाद्या चांगल्या लॅपच्या तुलनेत आत्ता या ठिकाणी तू किती पुढे किंवा मागे आहेस. लोक त्यातला आकडा बघतात, पण आकडा हा लॅपच्या सुरुवातीपासूनचा साठलेला हिशोब असतो. -0.30 दिसतंय याचा अर्थ आत्ता तू फास्ट आहेस असा नाही, कदाचित पहिल्या सेक्टरला कमावलंस आणि आत्ता घालवतोयस. बघायचं ते आकडा कुठल्या दिशेने सरकतोय ते. दुसरं म्हणजे डेल्टा कॉर्नरमध्ये फसवतो. लेट ब्रेक मारलास की लगेच हिरवा होतो, आपल्याला वाटतं जमलं, आणि मग गाडी बाहेर जाते, थ्रॉटल उशिरा मिळतो आणि पुढच्या सरळ रस्त्यावर तोच डेल्टा हळूहळू लाल होत राहतो. स्पाला ला सोर्स या पहिल्या कॉर्नरमधून बाहेर पडताना जे काही करशील त्याचं बिल केमेल या लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, ले कोम्ब कॉर्नरच्या आधी येतं, कारण मधे ओ रूज, रेडिलॉन हे कॉर्नर धरून वीसेक सेकंद जवळपास फुल थ्रॉटल आहे. त्यामुळे ला सोर्सच्या आत डेल्टा बघून काहीच कळणार नाही. केमेलवर एकदा बघ, पुहाँ कॉर्नर झाल्यावर वेळ मिळेल तेव्हा एकदा बघ, ब्लांशिमाँच्या आधीच्या सरळ भागात एकदा बघ, बस. लॅपमध्ये तीन वेळा.

आणि तुलना कुठल्या लॅपशी चाललीय तेही तपास. आयरेसिंग या दुसऱ्या रेसिंग गेममध्ये सेशनमधला बेस्ट, आजवरचा बेस्ट, ऑप्टिमल असे पर्याय मिळतात. ऑप्टिमल म्हणजे तुझ्या सगळ्यात चांगल्या तुकड्यांची बेरीज, अशी लॅप तू एका दमात कधी मारलेलीच नसते, त्यामुळे दिवसभर लाल दिसतो आणि माणूस उगाच ओव्हरड्राईव्ह करायला, म्हणजे गाडीला झेपेल त्यापेक्षा जास्त जोर लावायला लागतो. शिकताना सेशन बेस्टच ठेव.

रेसमध्ये मात्र डेल्टा बंद. मागे एका लीग रेसला मोंझामध्ये माझी लॅप तीन दशांश सेकंदांनी पुढे चालली होती, पहिल्या शिकेनच्या (एकापाठोपाठच्या उलटसुलट वळणांच्या) आधी मी ते कन्फर्म करायला खाली बघितलं, आणि वर बघेपर्यंत पुढच्या दोन गाड्यांचे ब्रेक लाईट लागून गेले होते. दोघांची रेस मी संपवली, त्यातल्या एकाने त्या रेससाठी आठवडाभर प्रॅक्टिस केली होती. त्या दिवसापासून रेसला डेल्टा लावलेला नाही.

रेसमध्ये राजा म्हणजे रिलेटिव्ह. तुझ्या पुढचे तीन आणि मागचे तीन, ट्रॅकवर जसे आहेत तसे, सेकंदांतल्या गॅपसकट. आयरेसिंगमध्ये एफ3 दाबलं की येतो तो बॉक्स, एसीसीमध्येही तशी लिस्ट मिळते. पूर्ण स्टँडिंगची बावीस नावांची यादी काढून टाक, सतराव्या नंबरचा कोण आहे त्याने तुझं ब्रेकिंग बदलत नाही. पण मागचा 1.2 वरून 0.9 आणि आता 0.6 वर आला, हे कळलं की तुला ठरवता येतं, ला सोर्सची एक्झिट सांभाळायची का सरळ आत जागा द्यायची. गॅप सेकंदातच ठेव, मीटरमध्ये दाखवणारे ओव्हरले घेऊ नकोस. कारण एक सेकंद म्हणजे 60 च्या स्पीडला सतराएक मीटर आणि 250 ला जवळपास सत्तर मीटर, त्यामुळे हेअरपिनला सगळे अंगावर आल्यासारखे वाटतात आणि स्ट्रेटला पळून गेल्यासारखे, प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं.

रडार चीटिंग आहे का? माझं स्पष्ट मत, नाही. 24 इंची स्क्रीनची रुंदी साधारण 53 सेंटीमीटर, तू 65 सेंटीमीटरवर बसतोस असं धरलं तर ती स्क्रीन तुझ्या डोळ्यासमोर फक्त 44 डिग्रीची खिडकी आहे. खऱ्या माणसाला मान न वळवता आडवं 180 च्या आसपास दिसतं, वर आरसे, वर शेजारच्या इंजिनचा आवाज. रडार त्या गेलेल्या नजरेची थोडी भरपाई करतं एवढंच. आणि खऱ्या रेसिंगमध्येही आहेच की, कॉर्व्हेटच्या टीमने 2013 मध्येच अमेरिकन ले मान्स सिरीजमध्ये मागे कॅमेरा आणि रडार लावून ड्रायव्हरसमोरच्या स्क्रीनवर मागून येणाऱ्या गाड्या दाखवायला सुरुवात केली होती. लीगच्या नियमात बंदी असेल तर प्रश्न मिटला, नसेल तर बिनधास्त लाव. फक्त असं लाव की गाडी जवळ आल्यावरच दिसेल, एरवी गायब. आणि एफओव्ही (गेममधला दिसण्याचा कोन) बरोबर आहे का तेही एकदा बघ. तुझ्या अंतराला उभा कोन 26 च्या आसपास येतो, एवढा अरुंद जमत नसेल तर थोडा वाढव, पण उगाच 55-60 करून गाडी लांबच्या बोगद्यात चालल्यासारखी करू नकोस, ब्रेकिंग पॉईंटचा अंदाजच जातो.

मी मात्र रडारपेक्षाही कानावर जास्त विसंबतो. क्रू चीफ हा बोलून माहिती देणारा प्रोग्राम फुकट आहे, इन्स्टॉल कर, डावीकडे गाडी आहे, अजून आहे, आता मोकळं, हे सगळं तो इंग्रजीत बोलून सांगतो आणि डोळे रस्त्यावरच राहतात. खऱ्या एफ1 मध्ये पिटमधून गाडीची सेटिंग बदलायला 2003 पासून बंदी आहे, म्हणून इंजिनिअर रेडिओवर सांगतो आणि ड्रायव्हर बटण फिरवतो. एवढ्या पैशाच्या टीम जर बरीचशी माहिती कानातून देतात तर आपण सगळं डोळ्यांवर का लादायचं?

टायर प्रेशरचा विजेट तू मधोमध खाली ठेवलायस, तो काढ. चालवताना प्रेशर बदलता येत नाही. एसीसीच्या 1.9 अपडेटनंतर ड्रायमध्ये गरम टायरला साधारण 26 ते 27 पीएसआय हवं, ते चार-पाच लॅप मारून पिटमध्ये येऊन बघायचं आणि सेटअपमध्ये दुरुस्त करायचं. टीसी (ट्रॅक्शन कंट्रोल), एबीएस, ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकमधली वाटणी) हे चालवताना बदलता येतात, पण ते गाडीच्या स्वतःच्या डॅशवर लिहिलेलं असतंच, दुसऱ्यांदा कशाला.

फ्युएल कॅल्क्युलेटर फोनवर टाक. सिमहब या प्रोग्रामचा डॅश फोनच्या ब्राउझरमध्ये वायफायवर उघडतो, माझा जुना फोन व्हीलच्या मागे डबल साईड टेपने चिकटवलाय आणि मस्त चालतो. सिमहबची फुकट आवृत्ती सेकंदाला दहाच वेळा अपडेट होते, शिफ्ट लाईटला ते कमी पडतं, फ्युएलला काहीच फरक पडत नाही. पण कॅल्क्युलेटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. समजा तासाची रेस आहे आणि तुझी लॅप 2:22 ची, म्हणजे 142 सेकंद. 3600 ला 142 ने भागलं की 25.3, म्हणजे 26 लॅपचं पेट्रोल भरलंस. पण झेंडा पडतो तो लीडर वेळ संपल्यावर लाईन ओलांडेल तेव्हा. तो 2:18 ने चाललाय तर 26 लॅपना त्याला 3588 सेकंद लागतात, म्हणजे बारा सेकंद उरलेले असताना तो सत्ताविसाव्या लॅपला निघतो. तू अजून लीड लॅपवर असशील, म्हणजे लीडरने तुला एक लॅप मागे टाकलं नसेल, तर तुलाही 27 माराव्या लागतात. लॅपला समजा 3.7 लिटर लागतंय तर शेवटच्या लॅपला बरोबर तेवढंच कमी पडणार. साधे कॅल्क्युलेटर फक्त तुझी लॅप धरतात, म्हणून लीडरचा हिशोब ग्रिडवर जायच्या आधी कागदावर कर, आणि फॉर्मेशन लॅपचंही (रेस सुरू व्हायच्या आधीच्या फेरीचंही) त्यात धर.

राहिलेलं जे ठेवशील ते स्क्रीनच्या चार कोपऱ्यांत पसरू नकोस. रिलेटिव्ह मी व्हीलच्या जरा वर, डॅशच्या कडेला ठेवतो, म्हणजे नजर खाली थोडीशीच उतरते आणि रस्ता कडेने दिसत राहतो. लाल-हिरव्यात गोंधळ होत असेल तर रंग निळा-केशरी कर, बऱ्याच ओव्हरलेंमध्ये सोय असते. आणि हे सगळं बॉर्डरलेस विंडोमध्ये चालतं, एसीसी आधीच जड आहे, त्यात अकरा पारदर्शक खिडक्या म्हणजे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) पडणारच. तू स्टटरची, म्हणजे चित्र अडखळण्याची, तक्रार केलीयस ना, ओव्हरले बंद करून बघ, बहुतेक तिथेच सापडेल.

आज रात्री एक कर. सगळं बंद, अगदी डेल्टासुद्धा, फक्त गाडीचा डॅश. स्पाला पंधरा लॅप. ले कोम्बला रोज ज्या बोर्डाला ब्रेक मारतोस तो कुठला आहे ते तुला आत्ता न बघता सांगता येतं का, आधी ते बघ. पंधरा लॅपनंतर कुठली गोष्ट खरंच हवीशी वाटली ती इथे लिही, तेवढीच परत लावू. रिप्लेची फाईल टाकलीस तर ला सोर्सची एक्झिट मी बघून सांगतो.