मागच्या डिस्क ब्रेकसाठी राखीव पैसा मोडावा का?

प्रश्न थोडक्यात असा: गाडी सात वर्षांची, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. घरच्यांना घेऊन डोंगरातला लांब उतार उतरताना ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं आणि पायाला मऊ लागलं. गॅरेजमध्ये मागचे लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारं अस्तर) संपत आल्याचं कळलं आणि 'उघडतोच आहोत तर ड्रम काढून डिस्कच बसवून घ्या' असा सल्ला मिळाला. सांगितलेला खर्च तुमच्या दीड महिन्याच्या घरखर्चाएवढा आहे. तो चार महिन्यांच्या आपत्कालीन निधीतून करायचा, असं तुमच्या मनात आहे. घरात पगार एकच. गाडी अजून तीन-चार वर्षं वापरायची आहे.

माझं उत्तर: हा बदल करू नका. मात्र ब्रेकवर खर्च करा, आणि तो याच आठवड्यात करा.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर करा असं मी कुणालाही सांगणार नाही. मुलं मागच्या सीटवर असताना पेडल खाली जाणं काय असतं, हे तुमच्या पत्रातून कळतं. म्हणूनच पैसा नेमक्या दुखण्यावर जातोय ना, हे पाहायला हवं.

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो. इंजिन पुढे असलेल्या गाडीत तो आधीच पुढे जास्त असतो. त्यामुळे गाडी थांबवण्याचं ढोबळमानाने ७० टक्के काम पुढची चाकं करतात, जोरात ब्रेक दाबला तर त्याहूनही जास्त. म्हणजे दीड महिन्याचा घरखर्च उरलेल्या लहान हिश्श्यावर जाणार. आणि तिथेही एकदा कचकन ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, हे शेवटी टायरच्या पकडीवर ठरतं. मागचं चाक जागीच रोखण्याएवढी ताकद चांगल्या स्थितीतल्या ड्रममध्ये असते. ते रोखलं जाऊ नये म्हणून तर तुमच्या गाडीत एबीएस आहे. डिस्कने वाढलेली ताकद रस्त्यापर्यंत पोहोचणारच नाही.

डिस्क खरोखर सरस ठरते ती उष्णतेच्या बाबतीत. ड्रम बंद असतो, आत उष्णता कोंडते, तापलेला ड्रम फुगून लायनरपासून लांब जातो आणि पेडल जास्त खाली दाबावं लागतं. डिस्क उघड्यावर फिरते, लवकर निवते, पाण्यातून गेल्यावर लवकर कोरडी होते. १९५३ मध्ये ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वारने बाजी मारली, तेव्हा हाच गुण कामी आला. तिथे प्रचंड वेगातून पुन्हापुन्हा, तासन्‌तास ब्रेक लावायचा होता. तुमचा उतार वर्षातून दोन-तीनदा येतो. उलट बाजूचंही उदाहरण आहे: फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ या इलेक्ट्रिक गाड्यांना मागे मुद्दाम ड्रम दिले, कारण तिथे मागच्या ब्रेकला काम कमी आणि बंद ड्रमला गंजाचा त्रास कमी. ड्रम आहे म्हणजे गाडी मागासलेली, असं मनातून काढून टाका.

आता तुमच्या पेडलकडे येऊ. माझ्या मते सगळ्या निर्णयाची किल्ली तिथेच आहे. लांब उतारावर ब्रेक दोन प्रकारे दगा देतो. पेडल घट्ट लागतं पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड (डिस्कवर दाबले जाणारे ठोकळे) किंवा लायनर तापून त्यांची पकड गेलेली असते. पेडल मऊ होऊन खाली जातं, तेव्हा पहिला संशय ब्रेक ऑइलवर घ्यायचा. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाचा जोर ते बुडबुडे दाबण्यातच जातो.

तुम्ही पाठवलेली सर्व्हिसची बिलं मी एकेक करून पाहिली. इंजिन ऑइल आणि एअर फिल्टर दर वेळी आहेत, वायपरसुद्धा दोनदा बदललेत. ब्रेक ऑइल सात वर्षांत एकदाही नाही. बहुतेक कंपन्या ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. डिस्क बसवूनही जुनंच ऑइल आत राहिलं, तर त्याच उतारावर पेडल पुन्हा खाली जाईल.

सांगितलेल्या खर्चात काय नाही, तेही बघा. डिस्क, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा) आणि पॅड आहेत. हँडब्रेकचा उल्लेखच नाही. ड्रममध्ये तो आयताच मिळतो; डिस्क लावल्यावर हँडब्रेकची यंत्रणा असलेलं कॅलिपर किंवा डिस्कच्या आत छोटा वेगळा ड्रम लागतो, केबलही बहुधा बदलावी लागते. ड्रममधला एक शू (लायनर बसवलेली वक्र पट्टी) फिरत्या ड्रमबरोबर आपोआप ओढला जाऊन जास्त घट्ट बसतो. डिस्कला ही आयती मदत नसते, म्हणून तिला ऑइलचा दाब जास्त लागतो. मग मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलला देणारा भाग) पुरेल का, पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळ कसा राखायचा, हे प्रश्न येतात. कंपनीने एबीएस ड्रमच्या हिशेबाने जुळवलेलं असतं. हा मेळ बिघडला आणि मागची चाकं आधी रोखली गेली, तर गाडीची शेपटी फिरते. सुरक्षिततेसाठी केलेल्या खर्चातून हा धोका विकत घेणं मला मुळीच पटत नाही.

विम्याचंही तेच. ब्रेकमध्ये असा फेरफार विमा कंपनीला न कळवता केला, तर दाव्याच्या वेळी अडचण येऊ शकते. वाहन नियमांत तो चालतो का, हेही आधी बघावं लागतं. गाडी विकताना या खर्चाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. घेणारा असा बदल पाहून उलट बिचकतो.

आता निधीचं गणित. चारातून दीड गेला की अडीच महिने उरतात. तुम्ही दरमहा घरखर्चाच्या दहा टक्के बाजूला टाकता, म्हणजे खड्डा भरायला पंधरा महिने. एका पगारावरच्या घरात एवढा काळ अडीच महिन्यांच्या आधारावर काढणं मला धोक्याचं वाटतं. आणि गाडी तीन-चार वर्षंच ठेवायची असेल, तर या डिस्कपायी दर वर्षी अकरा ते पंधरा दिवसांचा घरखर्च जाईल.

त्याऐवजी ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं भरून घ्या, नळ्यांतली हवा काढायला सांगा. मागचे लायनर दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. ड्रम उघडलेला असताना स्वतः उभे राहा: व्हील सिलिंडरच्या (ऑइलच्या दाबाने शू ड्रमवर ढकलणाऱ्या भागाच्या) टोकाचं रबरी टोपण बोटाने किंचित उचलायला सांगा. आत ओल दिसली, भुकटीचा चिकट लगदा झालेला असेल, तर ते सिलिंडरही बदला. ड्रमचा आतला व्यास मोजून घ्या. चालणारा जास्तीत जास्त व्यास बहुधा ड्रमवरच कोरलेला असतो. लायनरचं अंतर आपोआप राखणारा ॲडजस्टर गंजून अडकलेला असला, तरी पेडल खाली जातं. पुढचे पॅड आणि डिस्क किती झिजलेत ते मोजायला सांगा आणि हातात पैसे उरले तर ते चांगल्या टायरवर घाला, कारण ब्रेकचा प्रत्येक फायदा टायरमधूनच मिळतो. एवढं सगळं मिळूनही डिस्कच्या कामाच्या मानाने बरंच स्वस्त पडायला हवं. निधीला हात न लावता एक-दोन महिन्यांच्या बचतीतून भागेल का, ते अंदाजपत्रक घेऊन बघा. आणि उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनलाच गाडी धरून ठेवू द्या, त्याला पैसा लागत नाही.

माझं उत्तर एकाच परिस्थितीत बदलेल. भरलेली गाडी घेऊन दर आठवड्याला डोंगर उतरायचा असेल, तुमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनीने मागे डिस्क दिलेली असेल, त्याचे सगळे सुटे भाग जुळतात असं अधिकृत वर्कशॉप लिहून देत असेल, विमा कंपनीची लेखी संमती असेल आणि पैसा निधीबाहेरचा असेल, तर करा. यातली एक जरी गोष्ट नसेल तर थांबा, आणि चार वर्षांनी गाडी बदलताना मागे डिस्क असलेला प्रकार घ्या. तेव्हा सगळी जुळवाजुळव कारखान्यातच झालेली असेल.

तोवर, ऑइल बदलेपर्यंत त्या उतारावर गाडी नेऊ नका. बदलल्यानंतरही पेडल सपाट रस्त्यावर दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडरचे सील तपासायला सांगा आणि ते होईपर्यंत गाडी गॅरेजमध्येच राहू द्या.