साडेचार महिने म्हणजे किती आठवडे?

प्रश्न : मी वसईची. वय ३१, तीन वर्षांचा एक मुलगा. तांबी बसवलेली असूनही दिवस गेले. मिस्टर आधी ‘पिशवी साफ करून घेऊ’ म्हणाले, मग सासूबाई आणि आमच्या धर्मग्रामाचे फादर यांच्याशी बोलणे झाल्यावर फिरले. ‘पाडणे म्हणजे खून’ असे म्हणून मिस्टरांनी हॉस्पिटलला पत्र दिले की आपल्या, म्हणजे पतीच्या, परवानगीशिवाय काही करू नये. घरात एकमत होईल म्हणून थांबले, आता साडेचार महिने झाले. ट्रस्टचे हॉस्पिटल म्हणते, पतीची सही आणा, नाहीतर कोर्टाची ऑर्डर. कुटुंबनियोजनाचे ऑपरेशनही त्याच वेळी करायचे सांगितले होते. कोर्टाची परवानगी कशी मिळवायची? आणि चर्च ज्याला पाप म्हणते तो कायद्याने गुन्हा आहे का?

उत्तर : कोर्टात जाऊ नका. तुम्हाला हे त्याच दिवशी कळवले आहे. इथे छापतो ते अशाच आणखी पत्रांसाठी. त्यांत गाव आणि धर्म बदलतो, ‘पतीची सही नाहीतर ऑर्डर’ हे वाक्य बदलत नाही.

‘साडेचार महिने’ हा शब्द आधी सोडा. वैद्यकीय गर्भपात कायदा आठवडे मोजतो. महिना चार आठवड्यांचा धरला तर साडेचार महिने म्हणजे १८ आठवडे, कॅलेंडरचा धरला तर साडेएकोणीस. तुमचे सगळे प्रकरण या दीड आठवड्यात अडकले आहे. सोबत जोडलेल्या सोनोग्राफीनुसार पत्र लिहिण्याच्या दिवशी १८ आठवडे ५ दिवस होतात, म्हणजे २० पूर्ण व्हायला नऊ दिवस. पण तुम्हीच दिलेल्या शेवटच्या पाळीच्या तारखेवरून मोजले तर त्याच दिवशी १९ आठवडे ४ दिवस भरतात, म्हणजे हाती फक्त तीन. इतक्या उशिराच्या सोनोग्राफीत आठ-दहा दिवस इकडेतिकडे होतातच, त्यामुळे फरक सहा दिवसांचा असला की बरेच डॉक्टर पाळीचीच तारीख कायम ठेवतात. तेव्हा तीनच दिवस धरून चाला. शिवाय या टप्प्यावर गर्भपात तासाभरात उरकत नाही. आधी एक गोळी, मग साधारण २४ ते ४८ तास थांबून दुसरे औषध, असा क्रम असतो. म्हणून भरती व्हायचे ते उद्या.

नवव्या आठवड्यात केलेल्या सोनोग्राफीचा कागद सापडत नाही, असे तुम्ही लिहिता. नेमका तोच कागद सगळ्यात भरवशाचा, आणि नेमका तोच हरवला! पहिल्या तिमाहीतले माप सर्वांत अचूक मानतात. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याप्रमाणे सोनोग्राफी केंद्राला नोंदी किमान दोन वर्षे जपाव्या लागतात. आजच जाऊन दुसरी प्रत मागा. त्यासाठी भरती मात्र लांबवू नका.

आता सहीचे. कायद्याच्या कलम ३, पोटकलम (४) च्या खंड (ब) मध्ये एवढेच आहे की गर्भवती स्त्रीच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही. पालकाची लेखी संमती लागते ती १८ वर्षांखालील मुलीसाठी किंवा मनोरुग्ण स्त्रीसाठी. नवरा, सासू, फादर, कोर्ट, यांतले कोणीच त्या कलमात नाही. संमतीचा ठरावीक नमुना ‘सी’ आहे, त्यावर सही तुमची. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात डॉक्टरांना बजावले आहे की घरच्यांची संमती किंवा कायद्यात नसलेली कोणतीही जादा अट घालू नये. पंजाब-हरियाणातील एका पतीने आपल्या संमतीविना गर्भपात केला म्हणून पत्नी आणि डॉक्टरांवर नुकसानभरपाईचा दावा लावला होता. तो उच्च न्यायालयात टिकला नाही, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानेही पतीचे अपील फेटाळले.

मग हॉस्पिटल सही का मागते? पतीचे पत्र हे एक कारण. दुसरे तुमच्याच पत्रात जाता जाता आले आहे आणि माझ्या मते खरे कारण तेच : ‘कुटुंबनियोजनाचे ऑपरेशनही त्याच वेळी’. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत म्हटले आहे की ज्या शस्त्रक्रियेने वंध्यत्व येऊ शकते तिला पती-पत्नी दोघांची संमती हवी. सरकारी नसबंदीच्या निकषांत जोडीदाराच्या संमतीची अट नाही, पण खासगी हॉस्पिटल आपल्या छापील फॉर्मवरून हटत नाही. तुम्ही दोन कामे एकत्र सांगितलीत, त्यांनी दोन्हींसाठी एकच फॉर्म पुढे केला, आणि नसबंदीची अट गर्भपाताला चिकटली. ती मागणी आजच लेखी मागे घ्या. ते ऑपरेशन पुढे कधीही होईल, हे होणार नाही.

वीस आठवड्यांपर्यंत एकाच नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. २०२१ च्या दुरुस्तीआधी बारा आठवड्यांनंतर दोन डॉक्टर लागत, काही ठिकाणी अजून तीच जुनी सवय चालते. तांबी असताना दिवस गेले ही गोष्ट केसपेपरवर ठळक लिहून घ्या. संततिनियमनाचे साधन निकामी ठरून गर्भ राहिला तर त्याचा मनस्ताप हा मानसिक आरोग्याला गंभीर इजा मानता येतो, असे कलम ३ चे स्पष्टीकरण आहे. पण ‘मानता येतो’ असे म्हटले आहे, ‘मानलाच पाहिजे’ असे नाही. मागितला की मिळालाच पाहिजे असा हक्क हा कायदा देत नाही, मत डॉक्टरनेच बनवायचे असते. एखाद्या डॉक्टरचे मत प्रामाणिकपणे वेगळे पडले तर वाद घालत बसू नका, दुसरीकडे जा.

ट्रस्टच्या हॉस्पिटलशी भांडावे का? वेळ असता तर सांगितले असते. कोणत्याही खासगी हॉस्पिटलने गर्भपात केलाच पाहिजे अशी सक्ती कायद्यात नाही, अनेक धार्मिक संस्था त्यासाठीची मान्यताच घेत नाहीत. डॉक्टरचे मात्र वेगळे आहे. वरच्याच आचारसंहितेत असेही आहे की वैद्यकीय कारण असताना केवळ धार्मिक कारणावरून डॉक्टरने गर्भपाताला नकार देऊ नये. ब्रिटनच्या १९६७ च्या कायद्यात डॉक्टरला सदसद्विवेकाच्या आधारे बाजूला होण्याची मुभा स्पष्ट दिली आहे, आपल्या १९७१ च्या कायद्यात तसे कलम नाही. तुमची तांबी ‘वैद्यकीय कारण’ ठरते का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. ते बोलणे तीन दिवसांत संपणार नाही.

तेव्हा सरळ सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात जा, त्यांना या कायद्याखाली वेगळी मान्यता लागत नाही. खासगीत जायचे तर मान्यतेचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असते, ते वाचा. काही ठिकाणांना फक्त बारा आठवड्यांपर्यंतची परवानगी असते आणि हे भरतीच्या टेबलावर कळते. सोबत सगळे सोनोग्राफी अहवाल, तांबी बसवल्याचा कागद असेल तर तो, रक्तगट, वयाचा पुरावा. आधी सिझेरियन झाले असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा, औषधाची मात्रा त्यावर बदलते. आणि दोन प्रतींत एक अर्ज : ‘मी सज्ञान असून कलम ३(४)(ब) प्रमाणे माझी संमती देत आहे. नकार द्यायचा असल्यास कारण लेखी द्यावे.’ एका प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. पहिल्या हॉस्पिटलचा तोंडी नकार ऐकून तुम्ही घरी परत आलात, ही चूक दुसऱ्यांदा नको. लेखी नकाराची वेळ आली की बहुतेक ठिकाणी मोठ्या डॉक्टरांना विचारले जाते आणि गाडी हलते.

मेडिकलमधून गोळ्या आणून घरी घेण्याचा विचार असेल तर तो काढून टाका. गोळ्यांनी गर्भपात नियमांत बसतो तो नऊ आठवड्यांपर्यंत, तोही डॉक्टरच्या देखरेखीखाली. अठराव्या-एकोणिसाव्या आठवड्यात घरी रक्तस्राव सुरू झाला तर जिवावर बेतते. वर भारतीय न्याय संहितेचे कलम ८८ आहे. गर्भपात कायद्याच्या चौकटीबाहेर स्वतःच गर्भपात घडवून आणणारी स्त्रीही त्यात येते.

कोर्टाला नको का म्हणतो ते आता लक्षात आले असेल. मुंबई उच्च न्यायालयात याचिका, तातडीच्या सुनावणीची विनंती, मग न्यायालय वैद्यकीय मंडळाचा अहवाल मागवणार, मग पुन्हा तारीख. आपल्याकडे ‘तातडीचे’ म्हणजे आठवडा गेला तर नशीब. आणि जी परवानगी लागतच नाही ती मागायला गेलात तर मधल्या काळात २० आठवडे उलटून ती खरोखरच लागू लागेल. २० ते २४ आठवड्यांसाठी नियमांत ठरावीक गट आहेत : अत्याचारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणातच वैधव्य किंवा घटस्फोट आलेली, दिव्यांग, मनोरुग्ण, गर्भात गंभीर व्यंग, आपत्तीत सापडलेली. तुम्ही यांत कुठेही बसत नाही. २०२२ च्या निकालाने वैवाहिक स्थितीतल्या बदलाचा अर्थ बराच रुंद केला आहे, पण नवरा घरातच असून फक्त ‘नाही’ म्हणतो एवढ्यावर तो ताणता येईल याची मी खात्री देणार नाही. २४ च्या पुढे तर गर्भातील गंभीर व्यंग किंवा स्त्रीच्या जिवाला धोका, एवढेच उरते. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुले असलेल्या, प्रसूतीनंतरच्या नैराश्याने ग्रासलेल्या विवाहितेला २६ आठवडे उलटल्यावर सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. सरकारी रुग्णालयानेही लेखी नकार दिला, तरच वकील गाठा, आणि तोही त्याच दिवशी.

पती मनाईहुकूम आणीन म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट, म्हणजे ‘माझे ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा आगाऊ अर्ज, दाखल करता येते, ते ९० दिवस चालते. पण त्याची सूचना पतीला पोस्टाने द्यावी लागते, म्हणजे तुमचा बेत तुम्हीच कळवल्यासारखे होते. तुमच्या जागी मी ते करणार नाही. घरात अडवले, कागद काढून घेतले, तर महिला हेल्पलाइन १८१ किंवा पोलिसांसाठी ११२. कौटुंबिक हिंसाचार कायदा अशा वेळी लागू पडतो.

पुढे घटस्फोटात हे तुमच्याविरुद्ध वापरतील का? वापरू शकतात. वैद्यकीय कारण नसताना पतीच्या नकळत वा संमतीविना केलेला गर्भपात मानसिक क्रौर्य ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली क्रौर्याच्या उदाहरणांत नमूद केले होते. तुमचे लग्न ख्रिस्ती पद्धतीचे, त्यामुळे १८६९ चा घटस्फोट कायदा लागू. त्यात क्रौर्य असे हवे की एकत्र राहणे अपायकारक ठरेल अशी रास्त भीती वाटावी. मला हा मुद्दा एकट्याने टिकेल असे वाटत नाही, पण न्यायाधीश कोण आणि बाकी संसार कसा, यावर बरेच अवलंबून.

राहिला पापाचा प्रश्न. ख्रिस्तसभेच्या कायद्यात गर्भपात घडवून आणणाऱ्याला आपोआप बहिष्कार आहे, ८ डिसेंबर २०२१ पासून तो नियम १३९७ मध्ये येतो. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्वच धर्मगुरूंना कायम दिला, हे सासूबाईंना कोणी सांगितलेले दिसत नाही. फादरांशी बोलायचे ते जरूर बोला, तो तुमचा विषय आहे. पण त्या नियमाचा हॉस्पिटलच्या फॉर्मशी संबंध नाही. जीव कधी सुरू होतो यावर १९७१ च्या कायद्याने मतच दिलेले नाही. मुस्लिम वाचक १२० दिवसांनी गर्भात आत्मा येतो याचा दाखला देतात, हिंदू आणि जैन वाचक भ्रूणहत्येचा. त्यांनाही हेच उत्तर, एक भर घालून : ते १२० दिवस गर्भधारणेपासून मोजतात आणि डॉक्टर पाळीपासून, म्हणून दोन्हींत दोन आठवड्यांचा फरक पडतो. तारखा एकमेकांत मिसळू नका.

उलट दिशेचीही पत्रे येतात, सासरचे ‘पाड’ म्हणून मागे लागलेले असतात. तिथेही तेच खंड (ब) उपयोगी पडते, कारण स्त्रीच्या संमतीशिवाय गर्भपात करणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम ८९ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

शेवटचे, आणि हे भरती होण्याआधी करा. पहिल्या हॉस्पिटलात केसपेपरवर तुम्ही पतीचा मोबाइल नंबर दिलात आणि त्यांना तिथूनच फोन गेला. नव्या ठिकाणी स्वतःचा किंवा बहिणीचा द्या. कलम ५अ प्रमाणे गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचे नाव व माहिती डॉक्टरला उघड करता येत नाही, केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. पण बिल पतीच्या कंपनीच्या मेडिक्लेमवर टाकलेत तर कळवणारा डॉक्टर नसेल, विमा कंपनीचा एसएमएस असेल. रोख भरा.