शिबिरानंतरचा सोमवार

इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात मौन पाळून परतलास, आणि आता ऑफिसात तिसऱ्याच दिवशी सगळं निसटतंय म्हणतोस. घाबरू नकोस, हे बहुतेकांचं होतं.

१९७७ च्या सुमारास मी कॉलेजात होतो. पुण्यात कोरेगाव पार्कात रजनीशांच्या शिष्यांचे भगवे झगे, गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर हिप्पींच्या गिटारी, माझे केस खांद्यापर्यंत. नोकरी आणि साधना एकत्र नांदत नाहीत, अशी तेव्हा माझी ठाम समजूत. पुढे बँकेत चौतीस वर्षं काढली, आणि रोज ध्यानाला बसायला खरं शिकलो ते त्याच काळात.

आत्ता एवढंच कर:

- सकाळ-संध्याकाळ एकेक तास सांगतात. नाही जमत? अर्धा तास बस, पण जागा आणि वेळ तीच ठेव. जेवून लगेच बसू नकोस, डुलक्या येतात.
- डोकं फारच भणभणलं असेल तर फक्त आनापान. नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास, दहा मिनिटं. शिबिराचे पहिले तीन दिवस आपण दुसरं काय केलं होतं?

चुका? सातव्या-आठव्या दिवशी जे जाणवलं तेच पुन्हा मिळावं म्हणून बसणं, ही सगळ्यात मोठी. मी त्यात दोन वर्षं घालवली. घरच्यांना उपदेश करणं ही दुसरी. आणि एवढ्यात राजीनाम्याचा विचार नको रे.

ध्यानात अंगावर जाणवणाऱ्या संवेदनांची बारीक चर्चा तीन महिन्यांनी करू. तोवर जवळपास सामूहिक साधना होत असेल तर आठवड्यातून एकदा जा. एकट्याला जड जाणारा तास तिथे सहज सरतो.