वयस्कर आई-वडिलांसाठी वॉक-इन शॉवर करायचा आहे. सुरक्षित आणि साफ करायला सोपा कोणता घ्यावा?

तुमचं घर वाशीच्या जुन्या इमारतीत, बाथरूम पाच बाय सात, वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि काचेची तयार केबिन बसवायचा विचार आहे असं लिहिलंय. मी ठाणे-नवी मुंबईत फ्लॅटच्या दुरुस्तीची कामं घेते. केबिन नको. तिच्या ट्रेखालून पाइप न्यायचा म्हणून ट्रे बहुतेक वेळा चार-सहा इंच उंच बसतो. ओल्या पायांनी तेवढं चढ-उतार त्यांना कशाला? शिवाय सरकत्या दाराच्या खाचेत केस आणि साबण अडकतो तो वेगळाच.

पैसे घाला जमिनीवर. टाइल किती घसरते हे सांगणारं आर १०, आर ११ असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण ती चाचणी बूट घालून, तेलकट पृष्ठभागावर होते. अनवाणी, ओल्या पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी श्रेणी आहे. शॉवरखाली बी मागा. दुकानदार गोंधळला तर नमुन्यावर साबणाचं पाणी ओतून पाय घासून बघा. फार खरखरीतही नको, मळ धरते आणि घासून घासून बाई कंटाळते. टाइल एक बाय एक फुटाच्या आसपास घेतली की जाळीकडे नीट उतार काढता येतो. सांधे इपॉक्सी ग्राउटने भरा. सिमेंटचं ग्राउट पाणी पितं, काळं पडतं, आणि अॅसिड ओतलं की झिजतं.

उतार मीटरला एक ते दीड सेंटिमीटर. दाराशी उंबरा काढून गोल कडेची, जेमतेम सेंटिमीटरभर उंच ग्रॅनाइटची पट्टी ठेवा. जुनी लादी फोडणार असाल तर वॉटरप्रूफिंग नव्याने करावंच लागेल. टाइल लावण्याआधी नहाणी ट्रॅप (जाळीखालचं पाणी जायचं तोंड) बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघून या. गवंडी घाई करेल, करू दे. सोसायटीला पत्र आधीच द्या.

काच हवीच असेल तर एकच स्थिर पॅनल, टफन्ड (उष्णतेने मजबूत केलेली), किमान ८ मिमी. ठाण्यात घोडबंदरकडे टँकर-बोअरच्या पाण्याने काचेवर क्षारांचे पांढरे डाग लवकर धरतात. वाशीत मोरबे धरणाचं पाणी, तिथे हा त्रास कमी. तरी अंघोळीनंतर वायपर फिरवावाच लागतो. खरं सांगू? वडिलांना अंघोळ घालायला कुणी आत जाणार असेल तर साधा पडदा बरा, मशीनमध्ये धुता येतो. इंटिरियरवाले नाक मुरडतील.

तोल गेला की माणूस टॉवेलचा रॉड धरतो आणि तो उपटून येतो. म्हणून स्टेनलेस स्टीलचा ग्रॅब बार, साधारण ८०-९० सेंटिमीटर उंचीवर, प्लास्टरमध्ये नाही तर मागच्या विटेत पक्का बसवून घ्या. व्हॅक्यूमवर चिकटणारे हँडल आणूच नका. दीड फूट उंचीचं घडीचं आसन, उभ्या रॉडवर वर-खाली सरकणारा हँड शॉवर, आणि गीझर पन्नास अंशांच्या पुढे नाही.

दार बाहेर उघडणारं करा, कडी बाहेरून काढता येईल अशी. आत कुणी दाराला टेकून पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही.