घरच्या गारेगारची पहिली खेप

ताई, पहिल्याच खेपेला मोसंबी घेऊ नको. जालन्याची कितीही गोड असो, रस काढून ठेवला की कडू पडतो. माझ्या वीसच्या वीस कांड्या पोरांनी थुंकल्या होत्या! करायचीच तर रस निघाला की लगेच साच्यात.

त्यापेक्षा कैरीचं पन्हं बरं. उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, वेलदोडा, चिमूटभर सैंधव. चाखताना जरा जास्तच गोड लागलं पाहिजे, गारठल्यावर जिभेला गोडी कमी कळते. पण हात आवर. गूळ फार झाला तर कांडी घट्टच होत नाही, नुसती काडी हातात येते. कमी पडला तर दगड. साध्या लिंबू सरबताला मी लिटरमागं 150 ग्रॅम साखर धरते.

साचा काठोकाठ भरू नको, गोठताना पाणी फुगतं. काडी आधीच खोचली तर तिरकी होते. तासाभरानं कडेनं बर्फ धरला की खोच. मग फ्रीजर उघडायचा नाही, लाईट गेली तर मुळीच नाही. म्हणूनच मी रात्री लावते. काढताना साचा 10-15 सेकंद नळाच्या पाण्यात धर. आपल्याकडं मे महिन्यात ते तसंही कोमटच असतं.

साचा नसला तर चहाचे स्टीलचे छोटे पेले चालतात.